टुंड्रातल्या छोट्या तळ्यावर ग्रेलिंग आणि व्हाइटफिश: कधी जावं, कसे पकडावेत, किती घ्यावेत?

उत्तरेची_वाट
नमस्कार मंडळी. आम्ही फिनलंडला ओउलूत राहतो. यंदा ऑफिसातल्या मित्राने त्याच्या वडिलांच्या झोपडीवर बोलावलंय. झोपडी पार वर, उत्स्योकीच्या बाजूला, काल्दोऐवीच्या माळावर एका लहानशा तळ्याकाठी आहे. गाडी रस्त्यावर सोडून पुढे चालत जायचं. झाडं म्हणजे गुडघ्या-कमरेएवढे वाकडे बर्च, तेही ओढ्याच्या कडेने. तळ्यात मासे दोनच जातीचे: हार्युस, म्हणजे ग्रेलिंग, आणि सीका, म्हणजे व्हाइटफिश.

विचारायचं असं:
जूनअखेर जावं की ऑगस्टअखेर? मित्र म्हणतो दोन्ही चालेल, पण त्याला तिथली सवय आहे.
व्हाइटफिश गळाला कसा लावायचा? ग्रेलिंग मी नदीवर धरलाय. व्हाइटफिश मात्र गळाला येतच नाही असं सगळे सांगतात.
आणि तिसरं, त्याचे वडील जाळं टाकतात. माझं मत असं की पाहुण्याने एवढ्याशा पाण्यात जाळं टाकू नये. तुम्हाला काय वाटतं?

बोथनिया
ऑगस्टअखेर. डोळे मिटून.

जूनमध्ये त्या उंचीवरच्या तळ्यांवरचा बर्फ नुकता गेलेला असतो, काही वर्षी गेलेलाही नसतो. ग्रेलिंगचा विणीचा हंगाम नेमका तेव्हाच. बर्फ फुटला की तो तळ्यातून ओढ्यात चढतो आणि उथळ खडीवर अंडी घालतो. त्या वेळी ओढ्याच्या तोंडाशी उभं राहिलं तर एकामागून एक मिळतील, पण ते आपण करू नये. ऑगस्टमध्ये तोच मासा तळ्यात परतून, किडे खाऊन गुबगुबीत झालेला असतो.

व्हाइटफिशचं उलटं. त्याची वीण शरद ऋतूत. अंडी हिवाळाभर बर्फाखाली राहतात, पिल्लं वसंतात फुटतात. ऑगस्टअखेर त्याच्या पोटात गाबोळी धरायला लागलेली असते, पण तो अजून भरपूर खात असतो. म्हणजे दोन्ही मासे एकाच वेळी चांगल्या स्थितीत मिळण्याचा काळ म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरची सुरुवात.

गरवणारो_बाबू
ह्यां वाचून माका आमचो व्हाळ आठवलो. मिरगाक पयलो पाऊस पडलो की चढणीचे मासे! ग्रेलिंग पण चढणीचोच म्हणायचो मगे.

बर्फातली_मावशी
बोथनिया, मी असहमत. मी नॉर्वेत ट्रोम्सोला असते, आमच्याकडूनही फिन्नमार्कच्या पठारावर लोक जातात. ओढ्यातल्या विणाऱ्या माशाला हात लावायचा नाही हे शंभर टक्के मान्य. पण जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा तळ्यावर जी मजा असते ती नंतर नाही. रात्र होतच नाही. पाणी आरशासारखं शांत, रात्री एक वाजता सूर्य क्षितिजावर, आणि ग्रेलिंग काठाला लागून किडे टिपतोय. वर्तुळं उमटताना दिसतात, गळाला बांधलेली नकली माशी तिथेच टाकायची.

बोथनिया
मावशी, आणि डास? जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे फिनिश लोकसुद्धा तोंडावर जाळी बांधून फिरतात. आधी डास, मग त्या काळ्या चावऱ्या माश्या, मग डोळ्यांना दिसत नाहीत असली चिलटं. उत्तरेची_वाट पहिल्यांदाच चाललेत. जुलैत नेलंत तर परत जाणार नाहीत.

बर्फातली_मावशी
डासांना घाबरून टुंड्रात जायचं नाही म्हणजे पावसाला घाबरून कोकणात जायचं नाही! जाळीची टोपी, बाह्यांना घट्ट कफ, आणि डांबराच्या वासाचं ते तेल. वारा असला की डास नसतातच. झोपडीऐवजी उंचवट्यावर, वाऱ्यावर बसायचं.

कांडाळी
तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. आमचं घर अलिबागकडचं, कोळी. वडिलांचं सगळं आयुष्य जाळ्यावर गेलं, आता मी स्वीडनमध्ये लुलेओला आहे.

जाळं म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं सगळं तळं रिकामं होणार. तसं नसतं. तुमच्या मित्राचे वडील जे लावतात ती उभी कांडाळ. तिच्या आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या एका भोकाच्या, मापात बसेल तोच मासा कल्ल्यापाशी अडकतो. बारका निघून जातो, फार मोठा डोकं आत घालू शकत नाही. तिकडे आस गाठीपासून गाठीपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजतात. व्हाइटफिशला ३५ ते ४५ मिमीची जाळी सर्रास वापरतात. म्हणजे कोणता मासा घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे जाळं विणतानाच ठरलेलं असतं.

गळवाला काय करतो? जो सगळ्यात मोठा, सगळ्यात अनुभवी, त्याच्याच मागे लागतो. लहान तळ्याला जास्त धक्का कशाने बसतो याचा विचार करा.

फक्त एक. जाळं लावलं की सकाळी उठून काढायचंच. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असलं की अडकून मेलेला मासा काही तासांत मऊ पडतो. आळस करणाऱ्याने जाळं लावू नये.

उत्तरेची_वाट
कांडाळीदादा, हे मला माहीत नव्हतं. पण गळाने मी मोठा मासा परत सोडू शकते. जाळ्यातला मेलेलाच येतो ना?

कांडाळी
बहुतेक वेळा हो ताई. म्हणूनच मोजून लावायचं. खाणाऱ्या तोंडांच्या हिशोबाने एक जाळं, एक रात्र.

कल्ल्यांचा_अभ्यास
मी मत्स्यशास्त्रातली, गोड्या पाण्यातल्या माशांवर काम केलंय. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, पण मासा कुठला ते आधी बघा.

लॅपलंडमधल्या बऱ्याच लहान तळ्यांत व्हाइटफिशची अडचण उलटीच असते. तळ्यात खाणं मोजकं, शिकारी मासा नाही किंवा कमी, आणि व्हाइटफिश भरमसाट. मग सगळेच खुरटतात. अंगठ्याएवढं डोकं, बारीक शरीर, आणि वय बघावं तर बरंच. वय कानातल्या खड्यावरून, म्हणजे ओटोलिथच्या वलयांवरून कळतं. अशा तळ्यात बारीक आसाच्या जाळ्याने विरळणी केली तर उरलेल्यांना खाणं मिळतं आणि ते वाढतात.

ग्रेलिंगचं तसं नाही. एवढ्या उत्तरेला त्याला वयात यायलाच काही वर्षं लागतात. लहान तळ्यातले विणारे मासे मोजकेच, आणि त्यांचा तो एकच ओढा. तिथले मोठे मासे एका उन्हाळ्यात काढले तर तळं सावरायला फार वेळ लागतो. म्हणून माझं उत्तर असं: व्हाइटफिश निःसंकोच खा, ग्रेलिंग हात राखून.

आणखी एक गंमत. व्हाइटफिश ही एकच जात असली तरी एकाच तळ्यात तिचे वेगवेगळे प्रकार राहतात. कल्ले उघडून आतल्या कंगव्याचे दात बघा. दाट दाते असलेला मासा मधल्या पाण्यात सूक्ष्म जीव गाळून खातो, विरळ दाते असलेला तळातल्या अळ्या, शिंपल्या, गोगलगायी टिपतो. इनारीजवळच्या मुद्दुस तळ्यात असे तीन प्रकार एकत्र नांदतात आणि त्यांच्यावर बराच अभ्यास झालाय. गळाला लागेल तो तळातला, विरळ दात्यांचा. दाट दात्यांचा गळाला फारसा येत नाही. "व्हाइटफिश गळाला येत नाही" असं लोक म्हणतात, त्याचं एक कारण हेही आहे.

बोथनिया
वा ताई, हे कामाचं. आता मला कळलं एका तळ्यावर लोक भराभर काढतात आणि शेजारच्यावर काहीच का नाही.

निरामिष
मी मासे खात नाही, पण धागा आवडीने वाचतेय. प्रामाणिक शंका आहे. पकडून परत सोडायचा तर पकडायचाच का? त्याला त्रासच ना?

गोदाकाठी
निरामिष यांच्याशी सहमत आहे, आणि मी मासे खातो! मौज म्हणून गळ टोचायचा, फोटो काढायचा आणि सोडायचं, हे मला पटत नाही. खायचा तर पकडा.

बर्फातली_मावशी
तिथल्या बऱ्याच सामी, म्हणजे उत्तरेतल्या मूलनिवासी लोकांचंही हेच म्हणणं आहे. अन्नाशी खेळू नये. ते पकडतात ते घरी न्यायला. पुरेसे मिळाले की दोरी गुंडाळून परत. शहरातून येणारे दिवसभर धरसोड करतात ते त्यांना खटकतं, आणि मला वाटतं पाहुण्याने ते ऐकायला हवं.

उत्तरेची_वाट
पण मापापेक्षा लहान लागला तर सोडावाच लागतो ना?

बर्फातली_मावशी
हो, तो कायदाच आहे. फिनलंडमध्ये ग्रेलिंगचं किमान माप ३५ सेमी, आणि ६७ अंशाच्या उत्तरेला ३० सेमी. तुम्ही जवळपास ७० अंशांवर चाललात, म्हणजे ३०. म्हणून गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करून घ्या. हात ओला करून मासा पाण्यातच धरायचा, गळ मागे सरकवला की सुटतो. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

कायद्याचं_बोला
मापाचा विषय निघालाच आहे तर परवान्याचंही सांगतो. साधी काठी-दोरी-गळ आणि बर्फातल्या भोकातून मासेमारी फिनलंडमध्ये सगळ्यांना मोफत, पण खळाळत्या पाण्यात, जिथे सामन (सॅल्मन) किंवा व्हाइटफिश चढतात, तिथे नाही. रीळ लावलेली काठी घेतलीत की १८ ते ६९ वयाच्या माणसाला सरकारी मत्स्यशुल्क भरावं लागतं. वर उत्तरेला सरकारी पाण्यासाठी मेत्साहालितुसचा, म्हणजे सरकारी वनखात्याचा, परवाना लागू शकतो, तेव्हा नकाशावर आपलं तळं शोधून बघा.

एनोन्तेकियो, इनारी आणि उत्स्योकी या तीन नगरपालिकांच्या कायम रहिवाशांना मात्र आपल्या हद्दीतल्या सरकारी पाण्यात मोफत मासेमारीचा हक्क आहे. मित्राचे वडील तिथले रहिवासी असतील तर जाळं त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही. त्यांच्या जाळ्याला हातभार लावा, स्वतःचं नेऊ नका.

आणि सामनच्या आशेने जाऊ नका. उत्स्योकीतल्या तेनो नदीत सामनची मासेमारी २०२१ पासून बंद आहे.

गोदाकाठी
सामी लोकांच्या हक्काचा काही खटला झाला होता ना?

कायद्याचं_बोला
हो. एप्रिल २०२२ मध्ये फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्स्योकीतल्या दोन प्रकरणांत सामी आरोपींना दोषी धरलं नाही. आपल्याच गावच्या नद्यांवर विनापरवाना, नियमाबाहेर मासे पकडले म्हणून खटले भरले होते. मूलनिवासी म्हणून त्यांची संस्कृती राज्यघटनेने जपलीय आणि मासेमारी त्या संस्कृतीचाच भाग आहे, असा आधार घेतला. माझ्या दृष्टीने फार मोठा निकाल.

जाताना इनारीला थांबणार असाल तर सीदा हे सामी संग्रहालय चुकवू नका. आणि काल्दोऐवीच्या पूर्वेला सेवेत्तियार्वीला स्कोल्ट सामी राहतात. १९४४ मध्ये फिनलंडचा पेत्सामो प्रांत सोव्हिएत संघाकडे गेला, त्यांचा मुलूख गेला, आणि १९४९ मध्ये त्यांना इथे वसवलं. घरं तळ्यांच्या कडेने लांबलांब. मासा म्हणजे त्यांच्यासाठी पोटाचा प्रश्न होता, सुट्टीतला छंद नव्हता. आपण ज्या तळ्याला "छोटंसं, निर्मनुष्य" म्हणतो ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी आजोबांचं तळं असतं.

गरवणारो_बाबू
ही शेवटची ओळ फ्रेम करून लावण्यासारखी. आमच्याकडे पण प्रत्येक कोंड कुणाची तरी आसताच.

सह्याद्रीचा_वळ
बाबू, तुमच्या चढणीच्या माशांवरून बोलतो. आपण इथे ग्रेलिंगच्या विणीला जपा म्हणतोय, आणि आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्या-शेतात चढणारे, पोटात गाबोळी भरलेले मासे लोक पोत्याने भरतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते ती याच कारणाने. नारळी पौर्णिमेचा नारळ सोडल्याशिवाय कोळी बांधव होडी लोटत नाहीत. मग ओढ्याला तो नियम का नको? आमच्या गावच्या ओढ्यात आता मळ्याचे मासे बघायलाही मिळत नाहीत.

गरवणारो_बाबू
खरा हा. पण फक्त चढणीमुळे नाय. व्हाळात विजेचो शॉक देतत, ब्लिचिंग टाकतत, शेतातला औषध येता. म्हाताऱ्यांनी खोइनीत (बांबूच्या सापळ्यात) चार धरले त्याने मासे संपले नाय.

कांडाळी
दोघेही बरोबर. माझे वडील म्हणायचे, पोटुशीला हात लावू नये. त्यांना कुठे कायदा वाचायचा होता.

चुलीजवळ
सगळे कायदे झाले, आता खाण्याचं कोणी बोला! व्हाइटफिशची गाबोळी फिनलंडमध्ये कच्ची, मीठ लावून खातात म्हणे?

बोथनिया
हो, शरदात. गाबोळीची पिशवी फोडून दाणे काट्याने मोकळे करायचे, पापुद्रे काढायचे, थोडं मीठ, काही तास थंडीत. मग राईची भाकर, आंबट साय, बारीक कांदा. बारके, केशरट पिवळे दाणे, दाताखाली टचटच फुटतात.

मासा मात्र धुरावर. तिकडे आल्डरच्या लाकडाचा भुसा पत्र्याच्या डब्यात तळाला टाकतात, वर जाळीवर मिठातला मासा, डबा बंद करून विस्तवावर. साधारण अर्ध्या तासात कातडी सोनेरी होते आणि बोटाने उचलली की निघते. दुसरी रीत म्हणजे व्हाइटफिश पाठीतून उघडून फळीवर ठोकायचा आणि फळी विस्तवासमोर तिरपी उभी करायची.

चुलीजवळ
आणि आपल्या पद्धतीने?

बर्फातली_मावशी
व्हाइटफिशचं तिरफळ घालून कालवण मी करते. मांस पांढरं, घट्ट, चवीला सौम्य. आमसूल बेताचंच घाला नाहीतर माशाची चवच राहत नाही. ग्रेलिंगचं कालवण करू नका. मांस नाजूक, रश्श्यात विरघळतं. तो रवा लावून तव्यावर, नाहीतर नुसतं मीठ आणि लोणी. ताज्या ग्रेलिंगच्या अंगाला मंद ओव्यासारखा वास असतो, मसाल्यात तो हरवतो.

ग्रेलिंग पकडल्या पकडल्या साफ करा. पोट उघडलं की कण्याला चिकटून काळपट रक्ताची रेघ असते, ती अंगठ्याच्या नखाने शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढायची. ती राहिली की मासा लवकर बिघडतो. खवले कडक असतात, सुरीच्या मागच्या बाजूने काढा, आणि झोपडीच्या आत अजिबात नको!

कल्ल्यांचा_अभ्यास
कच्चं किंवा नुसतं मिठातलं मांस खाणार असाल तर एक काळजी. व्हाइटफिशच्या मांसात आणि जठराभोवती पट्टकृमींच्या गाठी सापडतात. मांसात पिवळट तांदळाएवढी गाठ दिसली तर ती बहुधा अशा कृमीची असते ज्याचं चक्र पाईक माशात पूर्ण होतं. तिच्यापासून माणसाला धोका नाही, दिसायला किळसवाणी एवढंच. पण जठराभोवतीच्या गाठींतल्या काही जाती माणसाला लागू शकतात. म्हणून कच्चं खायचं मांस आधी उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवा. झोपडीवर ते शक्य नाही, तेव्हा तिथे शिजवून किंवा धुरावर भाजूनच.

आणि आतडी तळ्यात टाकू नका. त्यानेच ते चक्र चालू राहतं. झोपडीपासून लांब पुरा.

सह्याद्रीचा_वळ
हवामान बदलाचा तिथे परिणाम दिसतो का?

कल्ल्यांचा_अभ्यास
दिसतो. फिनलंड-स्वीडन सीमेवरच्या टॉर्नियो-मुओनियो नद्यांच्या खोऱ्यातल्या तळ्यांची एक मोठी रांग अभ्यासलीय, उंच थंड टुंड्रापासून खालच्या उबदार जंगलापर्यंत. जसजसं पाणी उबदार आणि गढूळ, तसतसे व्हाइटफिश आणि आर्क्टिक चार (char) यांसारखे मासे मागे पडतात आणि पर्च, रोच वाढतात. आज जे खाली दिसतं ते उद्या वर सरकणार ही धास्ती आहे. आणि ग्रेलिंगचं म्हणाल तर बोथनियाच्या आखातात विणणारा समुद्रातला ग्रेलिंग आत्ताच नामशेष होण्याच्या टोकावर आहे. ओउलूकरांच्या दारातलीच गोष्ट. म्हणून वरची थंड तळी मला फार मोलाची वाटतात.

उत्तरेची_वाट
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. आमचं ठरलंय: ऑगस्टचा शेवटचा आठवडा. जाळं मित्राचे वडील लावतील, मी सकाळी काढायला मदत करेन. ग्रेलिंग रोजच्या जेवणापुरता.

पण माझा दुसरा प्रश्न अर्धाच राहिला. तळातला व्हाइटफिश गळाला येतो हे कळलं. कसा?

बोथनिया
खरंच राहिला की!

तोंड बघा त्याचं. लहान, खालच्या बाजूला, आणि ओठ मऊ. मोठा गळ आत जातच नाही, आणि झटका दिला तर ओठ फाटतो. म्हणून बारीक गळ, १४ ते १६ नंबर, ०.१६ मिमीच्या आसपास दोरा. एक-दोन अळ्या किंवा गांडुळाचा तुकडा. वजन तळाला ठेवा, गळ वजनाच्या वर हातभर. टाकलं की काठी टेकवा आणि हलवू नका.

चावा वेगळाच असतो. तरंगा बुडत नाही. मासा अळी तोंडात धरून वर उचलतो, वजन सुटतं, आणि ताणलेला दोरा अचानक सैल पडतो. तो सैल पडला की मनगट सावकाश वर न्यायचं, झटका नाही. आणि जवळ आला की हातजाळीनेच घ्या, दोऱ्याने उचलू नका.

जागा म्हणजे जिथे उथळ तळ संपून खोल सुरू होतो ती कड. वाऱ्याच्या दिवशी वारा जिकडे आदळतो तो काठ. संध्याकाळी वारा पडला आणि पाण्यावर डंखहीन चिलटांचे कोष फुटायला लागले की तोच मासा वर येतो, पाठीचा पर नुसता पाण्याबाहेर दिसतो. तेव्हा तळ सोडा आणि पाण्याच्या वरच्या थरात अगदी बारीक काळी माशी सावकाश ओढा.

कांडाळी
दोरा ०.१६ चा लावलात तर ग्रेलिंग तोडून नेईल बोथनिया.

बोथनिया
रिळाचा चाप ढिला ठेवायचा, माशाला धावू द्यायचं. तोडत नाही.

बर्फातली_मावशी
ताई, ऑगस्टअखेर असली तरी जाळीची टोपी घ्या. आणि लोकरीचे मोजे दोन जोड, रात्री पाणी गोठायच्या बेताला येतं. हिला, म्हणजे पिवळी क्लाउडबेरी, तोवर संपत आलेली असेल, पण निळ्या बेरी भरपूर मिळतील. डबा रिकामा न्या.

कायद्याचं_बोला
परवाना वाटेतल्या इवालो गावातच छापून घ्या किंवा फोनवर उतरवून ठेवा. पुढे माळावर रेंज मिळेलच असं नाही.